विरारच्या पलीकडची लोकल

मी वसईला राहते आणि नोकरीला पालघरला जाते. मुंबईतल्या नातेवाइकांना हे सांगितलं की प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘म्हणजे उलट दिशेला! मजा आहे बाई तुझी, आरामात बसून जात असशील.’ सकाळच्या गाड्यांना एकच दिशा असते, चर्चगेटची, असं त्यांनी धरूनच टाकलेलं असतं. विरारच्या पुढे त्यांच्या मते मिठागरं, खाडी, दोनचार रिकामी स्टेशनं आणि मग एकदम गुजरात.

त्यांनी एकदा सकाळची डहाणू लोकल वसईला पकडून दाखवावी. बोईसरच्या एमआयडीसीत जनरल पाळीला जाणारे, जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक, नर्सेस, बँकवाले, कोर्टाची तारीख असलेली आणि म्हणून आधीच वैतागलेली माणसं, कॉलेजची मुलं. विरारला आणखी एक लोंढा आत येतो. वैतरणा, सफाळे, केळवे रोडला गाडी जरा हलकी होते न होते तोच तिथली माणसं चढतात. पालघरला मोठा लोट उतरतो, उरलेला बोईसरला. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र 1969 पासून वीज बनवतंय, शेजारची औद्योगिक वसाहतही काही आजची नाही. त्यात 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कलेक्टर आले, एसपी आले, झेडपी आली, आणि त्यांच्या फायली हलवणारे माझ्यासारखे लोक आले. यातले बरेचजण राहतात वसई-विरारला, काही बोरिवलीला. उलट दिशा कसली, आमच्यासाठी तीच सुलट.

तसं पाहिलं तर पश्चिम रेल्वेची पहिली लोकल विरारचीच. 12 एप्रिल 1867 ला बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची, म्हणजे पश्चिम रेल्वेच्या पूर्वजाची, गाडी विरारहून सुटून मुंबईत बॅक बेला गेली. दिवसाला एकच गाडी, सकाळी जायची, संध्याकाळी यायची. मुंबईच्या बाहेर राहायचं, दिवसा मुंबईत काम करायचं आणि रात्री घरी परतायचं, ही सोय त्या एका गाडीने केली. रूळ काही विरारला संपत नव्हते. 1864 मध्येच ते थेट गुजरातपर्यंत जोडले गेले होते. तरी लोकल मात्र विरारलाच थांबली. मधल्या काळात वाफ गेली, वीज आली, नऊ डब्यांचे बारा झाले, बाराचे पंधरा झाले, आणि 16 एप्रिल 2013 ला लोकल डहाणू रोडला पोचली. विरार ते डहाणू अंतर 64 किलोमीटर. तेवढं कापायला तिला 146 वर्षं लागली.

तोवर पालघर-बोईसरची माणसं काय करत होती? दुसऱ्यांच्या गाड्यांनी जात होती. शटल होत्या, पण मोजक्या. बाकी भरवसा फ्लाइंग राणी, सौराष्ट्र, वलसाड पॅसेंजर असल्या गाड्यांवर. फ्लाइंग राणीचे डबल डेकर डबे 2023 मध्ये गेले. ते गेल्याचं वाईट वाटणारी माणसं आमच्या ऑफिसात अजून आहेत. पासधारक मंडळींचे ठरलेले डबे, ठरलेले ग्रुप, पत्त्यांचे डाव, सगळं त्या गाड्यांत जमून गेलं होतं. पण मेल-एक्स्प्रेसच्या वेळा ठरतात सुरत, अहमदाबाद आणि मुंबई बघून. पालघर वाटेत लागतं म्हणून गाडी थांबायची, आणि ज्या दिवशी उशीर झाला त्या दिवशी तीच गाडी पूर्ण तालुक्याचा लेटमार्क लावून जायची. आपल्या गावाचा दिवस भलत्याच शहराच्या सोयीने सुरू होतो आणि संपतो, याची लोकांना इतकी सवय होती की त्याला कुणी अन्यायसुद्धा म्हणत नसे.

लोकल आल्यावर बदललं ते आधी बोलण्यात. ‘मुंबईला जाऊन येते’ हे वाक्य मोठं होतं. त्यात एक अख्खा दिवस असायचा. आता मुली ‘अंधेरीला जाऊन येते’ म्हणतात आणि संध्याकाळी घरी असतात. पालघरच्या मुलीला विलेपार्ल्याच्या कॉलेजात प्रवेश घेता येतो, ही गोष्ट वाचायला किरकोळ आहे. ज्या घरात ‘हॉस्टेलचा खर्च झेपणार नाही’ एवढ्या एका वाक्यावर मुलीचं शिक्षण थांबतं, तिथे ती किरकोळ नसते.

इथपर्यंत सगळे एकमतात असतात. पुढे माझं आणि लोकांचं फाटतं.

डहाणूहून थेट चर्चगेटला जाणाऱ्या गाड्या वाढवा, ही आमच्या पट्ट्यातली कायमची मागणी. निवेदनात ती पहिली, आंदोलनात ती पहिली, निवडणुकीत तर विचारूच नका. माझं मत वेगळं आहे आणि ते मी आमच्या डब्यात उघड बोलत नाही, कारण रोज त्याच बायकांसोबत प्रवास करायचाय. मला वाटतं, थेट गाड्या थोड्या असल्या तरी चालतील, विरार ते डहाणू मात्र गाड्यांचा राबता हवा. दर वीस मिनिटांनी. दुपारीसुद्धा, रात्रीसुद्धा.

यामागे साधा हिशेब आहे. चर्चगेट ते डहाणू 124 किलोमीटर. एक रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची एक अख्खी गाडी, तिथे जाऊन परत यायला पाचेक तास खातो. तेवढ्या वेळात तोच रेक बोरिवलीच्या दोन फेऱ्या मारून मोकळा होतो. विरार आणि डहाणूच्या मधे फिरवला तरी दोन फेऱ्या होतात, आणि त्या दोन्ही आमच्या वाट्याच्या असतात. रेक काही झाडाला लागत नाहीत. एक रेक लांब पाठवायचा म्हणजे दुसरीकडे कुणाची तरी गाडी कमी करायची, मग तिकडचे लोक ओरडणार आणि रेल्वे म्हणणार, जैसे थे. शिवाय लांबची गाडी दादरला पाच मिनिटं अडकली की ती पाच मिनिटं पालघरपर्यंत येताना फुगत येतात. विरारहून सुटणाऱ्या गाडीला दादरचं दुखणं लागत नाही.

हे सगळं मी एकदा सफाळ्याच्या एका भाजीवाल्या मावशीला समजावत होते. मावशी पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन बोरिवलीला जातात, दुपारी परत येतात, तेव्हा कधीकधी आमची गाठ पडते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘म्हणजे विरारला उतरायचं?’

‘हो मावशी, पण लगेच दुसरी गाडी मिळेल.’

‘दुसऱ्या फलाटावर?’

‘बहुतेक.’

‘मग तू ये एक दिवस माझ्यासोबत. एक टोपली तू डोक्यावर घे, एक मी घेते. विरारचा पूल चढू सकाळच्या गर्दीत. मग सांग मला तुझा हिशेब.’

माझा हिशेब अजूनही बरोबर आहे असं मला वाटतं. पण त्यात टोपली नव्हती हे खरं. गाडी बदलणं म्हणजे कागदावर एक ठिपका. प्रत्यक्षात तो पूल असतो, चेंगराचेंगरी असते, हातात मूल असतं, गुडघे असतात, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बसायची जागा जाते. दीड तास मिळालेली विंडो सीट विरारला सोडून पुन्हा उभं राहायचं, हे दिवसभर काम केलेल्या माणसाला पटवता येत नाही. तर मग एकाच फलाटाच्या दोन बाजूंना दोन गाड्या लावा, इकडून उतरा, तिकडे चढा. जगात ठिकठिकाणी असं करतात. विरारला ते करायचं तर स्टेशनची मांडणीच बदलावी लागेल, आणि मांडणी बदलण्याचं आश्वासन देऊन कुणाला मतं मिळत नाहीत.

मूळ अडचण अर्थात रुळांची. चर्चगेट ते विरार चार लाइनी आहेत. विरारच्या पुढे वर्षानुवर्षं दोनच. त्या दोन लाइनींवरून आमची लोकल जाते, दिल्लीची राजधानी जाते, अहमदाबादच्या सगळ्या गाड्या जातात आणि लांबलचक मालगाड्या जातात. साहजिकच लोकल साइडला टाकतात. केळवे रोडला गाडी उगाच थांबली की डब्यातल्या नव्या मुली खिडकीतून डोकावतात, जुन्या बायका घड्याळ बघून सांगतात कुठली एक्स्प्रेस जाणार आहे ते. मग शेजारच्या लाइनीवरून ती धडधडत जाते, आमचे केस उडवते, आणि पाचसात मिनिटांनी आमची गाडी हलते. 2013 साली लोकल डहाणूला गेली, पण तिच्यासोबत रूळ गेले नाहीत. जुन्याच दोन लाइनींवर नव्या नावाची गाडी आली. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात विरार-डहाणू चौपदरीकरण घेतलं गेलं, त्याला मंजुरी मिळाली डिसेंबर 2016 मध्ये. म्हणजे आधी गाडी, मग साडेतीन वर्षांनी रुळांचा कागद. आणि कागदानंतर जमीन, वैतरणेवरचे पूल, खाडीकाठची तिवरं. तिवरं तोडायची तर सार्वजनिक प्रकल्पालाही उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि लागलीच पाहिजे. या किनाऱ्यावर भरतीचं पाणी अडवायला दुसरं आहे काय?

मालगाड्यांसाठी वेगळा मार्ग आमच्याच शेजारून बांधलाय. मालगाड्या सगळ्या तिकडे गेल्या की इकडे जागा होईल, असं म्हणतात. होईलही. पण वाढवणला बंदर येतंय, त्याचा माल कुठल्या ना कुठल्या रुळांवर चढणारच. रुळांवर रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही.

मध्य रेल्वेवर हीच गोष्ट जुनी आहे. तिथे कल्याणला दोन फाटे फुटतात. इंडिकेटरवर कसाऱ्याच्या गाडीला ‘एन’ आणि कर्जतच्या गाडीला ‘एस’, ईशान्येची लाइन आणि आग्नेयेची लाइन, हे इंग्रजांच्या काळापासून चालत आलंय. रूळ खोपोलीला 1856 मध्येच आले आणि कसाऱ्याला 1861 मध्ये. मुंबईपासून कर्जत 100 किलोमीटर, कसारा 120. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या लोकलने जातात, त्यामुळे लोकल लांबवली की पुढे गावाचं काय होतं हे बघायचं असेल तर आमच्या आधी तिकडे बघावं.

बदलापूरचं काय झालं ते सगळ्यांना दिसतंय. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणूस ठाण्याला, तिथून डोंबिवलीला, तिथून बदलापूरला, आता वांगणी-नेरळला. प्रत्येक टप्प्यावर जाहिरात तीच, स्टेशनपासून पाच मिनिटं. बिल्डरला स्टेशन दिसतं, स्टेशनात येणारी गाडी आधीच भरलेली आहे हे त्याच्या जाहिरातीत कुठून येणार! बदलापूरला गाडीत चढायला मिळावं म्हणून आधी उलटं कर्जतच्या दिशेने जाऊन सीट धरणारे लोक आहेत. म्हणजे घरापासून आणखी लांब जायचं, कशासाठी, तर घराजवळून गाडीत शिरता यावं म्हणून. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन 2019 मध्ये मंजूर झाली. घरं मात्र मंजुरीची वाट बघत थांबली नव्हती. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींना ओलांडताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि काही गेली. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा झाली. दारं हवीतच. पण जे दारात उभे होते ते हौसेने नव्हते उभे.

आणि शहापूर. कसारा लाइनवरचं आसनगाव हे या तालुक्याचं स्टेशन. भातसा, तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही याच तालुक्यात. पाणी जलवाहिनीतून मुंबईला जातं, माणसं लोकलमधून जातात. आमच्याकडे सूर्या धरणाचं पाणी वसई-विरारकडे येतं, म्हणजे माझ्याच नळाला. पालघरच्या बैठकांत यावर कुणी बोललं की मी मान खाली घालून मिनिट्स लिहीत राहते. लोकल लांबवायची चर्चा नेहमी ‘गावांना मुंबईशी जोडणं’ या भाषेत होते. जोडली आहेतच ती, जुन्या काळापासून. फक्त बऱ्याच वस्तूंना एकाच दिशेचं तिकीट दिलेलं आहे.

कर्जत आणि कसाऱ्याच्या पुढे लोकल जात नाही, कारण पुढे घाट. 1:37 चा चढ, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मेल-एक्स्प्रेसना तिथे मागून बँकर इंजिनं लावतात. नाशिककर पंचवटीने आणि पुणेकर डेक्कन क्वीनने पास काढून मुंबईला येतात, ते एक वेगळंच प्रकरण आहे आणि त्यावर त्यांनीच लिहावं. नाशिकपर्यंत लोकल, ही घोषणा अधूनमधून ऐकू येते. मला दरवेळी वाटतं, आधी कसाऱ्याच्या मुलाला दुपारी कल्याणहून घरी जायला गाडी द्या, मग घाट चढा.

नकाशा घेऊन बसलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. सगळे रूळ दक्षिण मुंबईकडे तोंड करून आहेत. डहाणूहून कसाऱ्याला जायचं तर आधी मुंबईकडे या, मग परत बाहेर जा. आडवी जोडणी म्हणावी तर दिवा-वसई. हा रूळ माझ्या घराजवळून जातो. जूचंद्र, कामण, खारबाव, भिवंडी रोड, कोपर करत दिव्याला. भिवंडीसारखं यंत्रमागांचं, गोदामांचं एवढं मोठं शहर या लाइनवर आहे आणि प्रवाशांसाठी दिवसातून मेमूच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या फेऱ्या. रूळ आहेत, वीज आहे, स्टेशनं आहेत. पण तिथल्या प्रवाशांचा आवाज कुठल्याच मुंबईत पोचत नाही, आणि मालगाड्यांना ती लाइन हवी आहे. एक गाडी चुकली तर पुढची थेट काही तासांनी. मग लोक घोडबंदरच्या रस्त्याने जातात, म्हणजे ट्रॅफिकमध्ये बसून राहतात.

म्हणून मला नागरी वाहतूक प्रकल्पाच्या त्याच तिसऱ्या टप्प्यातला पनवेल-कर्जत मार्ग मनापासून आवडतो. सुमारे 29 किलोमीटर, मधे चिखले, मोहोपे, चौक. वावर्ल्याचा बोगदा 2.6 किलोमीटरचा, म्हणजे 1916 पासून उपनगरी मार्गावरचा मोठा समजला जाणारा पारसिकचा बोगदा त्याच्यापुढे निम्मा. लोक त्याच्याकडे सीएसएमटी-कर्जत नवा मार्ग म्हणून बघतात, सरकारी कागदही तसंच म्हणतात. मला त्यात चौकचा मुलगा दिसतो, ज्याला मुंबईला जायचंच नाहीये. पनवेलला आयटीआय करायचंय आणि संध्याकाळी घरी यायचंय. तो कुठल्याच पाहणीत फारसा मोजला जात नाही, कारण गाडीच नसल्यामुळे आज तो प्रवासीच नाही. रेल्वे विचारते, इथे प्रवासी आहेत का? प्रवासी विचारतात, इथे गाडी आहे का? आधी कुणी उत्तर द्यायचं यावर दहा-पंधरा वर्षं सहज निघून जातात.

उरणचं उदाहरण ताजं आहे. जानेवारी 2024 मध्ये लोकल एकदाची उरणला पोचली. 2018 पासून ती खारकोपरला येऊन थांबली होती. नवी स्टेशनं प्रशस्त, चकचकीत. पण सुरुवातीला गाड्यांमधलं अंतर तासाच्या आसपास, त्यामुळे माझी उरणची मैत्रीण सांगायची, स्टेशन बघायला छान आहे, जायला मी एसटीच पकडते. तासाला एक गाडी असली की माणूस गाडीचं वेळापत्रक पाठ करतो आणि आयुष्य त्याभोवती आखतो. पंधरा-वीस मिनिटांना असली की वेळापत्रक विसरतो. खरी लोकल ती. डबे कुठले, रंग कुठला, एसी आहे की नाही, बोर्डावर चर्चगेट लिहिलंय की विरार, हे सगळं नंतरचं.

आमच्या ऑफिसात एक शिपाईकाका आहेत, निवृत्तीला आलेले, वाणगावचे. आयुष्यभर त्यांनी एकच वेळापत्रक भिंतीवर लावलंय, दरवर्षी नवं आलं की जुन्यावर चिकटवतात. आता त्या कागदांचा चांगला जाड थर झालाय. नवं आलं की आम्ही सगळे जमतो. तरुण पोरं थेट चर्चगेटच्या किती वाढल्या ते मोजतात. माझी नजर दुपारच्या भोकावर जाते, जिथे गाडीच नसते. आणि काका फक्त शेवटची गाडी बघतात. शेवटची डाउन गाडी अर्धा तास पुढे गेली तर त्यांच्या सुनेला संध्याकाळची नर्सिंगची ड्यूटी घेता येईल, नाहीतर नाही. मागच्या वेळी त्यांनी बोट फिरवत फिरवत खालच्या ओळीपर्यंत आणलं, चष्मा वर केला आणि मला म्हणाले, ‘मॅडम, ते निवेदन लिहिताय ना तुम्ही लोक? त्यात चर्चगेट काय लिहायचं ते लिहा. पण खाली एक ओळ माझी टाका.’ मी टाकली. संघटनेच्या माणसाने वाचून विचारलं, ही कुणाची मागणी? एकट्याचीच दिसते. मी म्हटलं, राहू दे, खालीच आहे.